कामाच्या दौऱ्यात गोल्फ: एडिंबऱ्यात कोर्स कसा निवडावा

पुण्या-मुंबईहून एडिंबऱ्याला कामासाठी जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठ आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली सॉफ्टवेअरची कामे या शहरात एकवटलेली आहेत. जाणारा गोल्फ खेळणारा असेल, तर व्हिसाचे कागद हातात पडण्याआधीच त्याच्या मनात सेंट अँड्र्यूज येऊन बसते. पुढे दौऱ्याचे वेळापत्रक येते. सोमवार ते शुक्रवार बैठका, एका रात्री सगळ्यांचे जेवण, शनिवारी कुणाकडे तरी जाणे, रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परतीचे विमान. ते पाहून माणूस गोल्फचा विचारच सोडून देतो आणि पुन्हा कधीतरी खास खेळायलाच येऊ असे म्हणतो.

ते "पुन्हा कधीतरी" सहसा येत नाही, आणि त्याची वाट पाहण्याची गरजही नसते. या शहरात आणि त्याच्या आसपास गोल्फची मैदाने इतकी आहेत, आणि त्यांतली इतकी सर्वांना खुली आहेत, की मोकळी संध्याकाळ एकच असली तरी ती पुरते. फक्त कोर्स निवडताना सुरुवात नावापासून करू नये. आपल्या हातात किती वेळ आहे, हे आधी ठरवावे.

आधी उजेडाचा हिशेब

एडिंबरा जवळजवळ ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश राहतो. कार्यालयातून साडेपाचला बाहेर पडणाऱ्याला चार तासांहून जास्त उजेड मिळतो. म्हणजे पूर्ण अठरा होल बसतात, नऊ होल तर आरामात. एप्रिलच्या मध्यानंतर सूर्यास्त आठच्या पुढे गेलेला असतो, तेव्हा संध्याकाळी नऊ होल होतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो साधारण सव्वासातवर येतो आणि धावपळ सुरू होते. ऑक्टोबरअखेर घड्याळे एक तास मागे नेली की कामाच्या दिवशी संध्याकाळचा खेळ संपला. डिसेंबरात पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्याने केवळ शनिवार-रविवारचाच विचार करावा.

दुसरा हिशेब चालण्याचा. स्कॉटलंडमध्ये गोल्फ पायी खेळतात. आपल्याकडच्या रिसॉर्टांसारखी विजेची गाडी तिथे अनेक मैदानांवर नसतेच, आणि असली तरी बऱ्याच ठिकाणी ती चालण्याचा त्रास असलेल्यांसाठी राखलेली असते. पिशवी खांद्यावर घ्यायची किंवा चाकांची ट्रॉली ओढायची. अठरा होलांना साडेतीन ते चार तास धरावेत, नऊ होलांना दोन तासांपेक्षा थोडे कमी. हॉटेलातून निघून परत येईपर्यंतचा प्रवास त्यात मिळवला की कोणता कोर्स आपल्या आवाक्यात आहे ते दिसू लागते. विमान उतरल्याच्या दिवशी अठरा होल ठरवू नयेत. भारताच्या घड्याळावर चालणारे शरीर तिथल्या संध्याकाळी सातला मध्यरात्रीत असते.

हाती तासभर: ब्रंट्सफील्ड लिंक्स

शहराच्या मध्यभागातून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की 'द मेडोज' नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान लागते, आणि त्याला लागूनच ब्रंट्सफील्ड लिंक्स. ही सार्वजनिक बाग आहे. उन्हाळ्यात तिच्यावर छत्तीस छोट्या होलांचा कोर्स आखलेला असतो आणि तो खेळायला पैसे पडत नाहीत. एक वेज, एक पटर आणि दोन-तीन चेंडू एवढे सामान पुरते. बाजूला मुले पतंग उडवत असतात, विद्यार्थी गवतावर पुस्तके घेऊन बसलेले असतात, कुणी कुत्र्याला फिरवत असतो. मारण्याआधी समोर पाहायचे आणि कुणी वाटेत असेल तर थांबायचे, एवढाच नियम.

हा पोरखेळ समजून टाळू नये. याच जमिनीवर शतकानुशतके गोल्फ चालत आले आहे, आणि शहरातल्या जुन्या गोल्फ संस्थांपैकी काहींची सुरुवात इथलीच. पंधराव्या शतकात या खेळाचे वेड स्कॉटलंडमध्ये एवढे वाढले होते की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात तिथल्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घालणारा कायदा केला. तरुणांनी धनुर्विद्येचा सराव सोडला, हे त्याचे कारण. गोल्फचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. बंदी टिकली नाही, खेळ टिकला. कामाच्या आठवड्यात दुसरे काही जमले नाही तरी ब्रंट्सफील्डवरचा एक तास जमतोच, म्हणून मी तो यादीत सर्वांत वर ठेवतो.

मोकळी संध्याकाळ: ब्रेड हिल्स

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रंट्सफील्डवर इतकी गर्दी होऊ लागली की चेंडू लागून येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा नगर परिषदेने शहराच्या दक्षिण टोकाच्या ब्रेड हिल्स या टेकड्या विकत घेतल्या आणि १८८९ साली तिथे सार्वजनिक कोर्स सुरू केला. आज तो एडिंबरा लेझर ही संस्था चालवते. सदस्यत्व लागत नाही, ओळख लागत नाही. ऑनलाइन वेळ घ्यायची, मध्यम शुल्क भरायचे आणि शहराच्या बसने जायचे.

मैदान टेकडीवर असल्याने चढ-उतार बरेच आहेत. कडेला गोर्स नावाची काटेरी झुडपे आहेत. वसंतात ती पिवळ्या फुलांनी भरून जातात, आणि त्यात गेलेला चेंडू शोधायच्या भानगडीत न पडलेले बरे. वरून सगळे शहर दिसते: किल्ला, आर्थर्स सीटचा डोंगर, पलीकडे फोर्थची खाडी आणि तिच्या पलीकडे फाइफचा किनारा. पुढे ज्या भागात खेळायला जायचे असेल तो भाग इथून नजरेत येतो. एडिंबऱ्यात पहिल्यांदा येणाऱ्याने पहिला पूर्ण डाव इथे खेळावा असे मला मनापासून वाटते. खेळही होतो आणि शहराचा नकाशाही डोक्यात बसतो.

टेकडी चढायची नसेल तर शहराच्या पश्चिमेला कॅरिक नाऊ हा सपाट सार्वजनिक कोर्स आहे. ट्राम जवळून जाते. पोर्टोबेलोला नऊ होलांचा छोटा कोर्स आहे, आणि तिथून समुद्र पायी गाठता येतो. दोन्ही साधे आहेत. दमलेल्या संध्याकाळी साधा कोर्सच बरा.

इतिहास आणि नऊ होल: मसलबरा

शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर मसलबरा हे समुद्रकाठचे गाव आहे. बसने किंवा लोकल रेल्वेने सहज जाता येते. तिथला जुना कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे. शर्यती इथे १८१६ पासून भरतात, गोल्फ त्याच्याही आधीपासून आहे. इथे १६७२ साली गोल्फ खेळला गेल्याची नोंद आहे. स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ मध्ये इथे खेळली होती असे गावकरी सांगतात. ती आख्यायिका म्हणून ऐकावी.

नक्की माहीत असलेला इतिहास काही कमी नाही. १८७४ ते १८८९ या काळात दर तीन वर्षांनी एकदा, अशी सहा वेळा ओपन स्पर्धा या नऊ होलांवर झाली. १८६० साली झालेली पहिलीवहिली ओपन जिंकणारा विली पार्क याच गावचा. आज जगभर गोल्फच्या होलाचा व्यास सव्वाचार इंच असतो, आणि तो आकडाही इथलाच: १८२९ मध्ये इथे होल पाडण्यासाठी वापरले जाणारे यंत्र त्या मापाचे होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेच माप सर्वांसाठी नियम बनले. आपल्या पुण्याच्या येरवड्यातल्या किंवा चेंबूरच्या ग्रीनवर आपण ज्या छिद्रात चेंडू घालतो, त्याचे माप या गावाने ठरवले.

एवढे असूनही हा कोर्स सामान्य माणसाचा राहिला आहे. नऊ होल असल्याने दोन तासांत खेळून होते आणि शुल्क हलके असते. जुन्या हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या क्लबांचा संच भाड्याने घेऊन खेळायचीही इथे सोय आहे. ती जरूर घ्यावी, कारण आपल्या नेहमीच्या ताकदीने मारून त्या क्लबांशी जमत नाही. हात संथ करावा लागतो, आणि मग चेंडू जसा निघतो त्याचे समाधान वेगळेच. जाण्याआधी शर्यतींचे वेळापत्रक मात्र पाहा. शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद असतो.

मसलबऱ्याच्या वाटेवर लीथ लागते. लीथ लिंक्स ही आज नुसती सार्वजनिक बाग आहे, तिथे आखलेला कोर्स नाही. परंतु १७४४ साली इथल्या खेळाडूंनी शहराकडून चांदीचा क्लब बक्षीस म्हणून मिळवला आणि स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे ते पहिले लेखी नियम. ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने जिंकली. पुढे ही मंडळी १८३६ मध्ये मसलबऱ्याला आणि १८९१ मध्ये आणखी पूर्वेला म्यूरफील्डला गेली. ओपनही त्यांच्या मागोमाग गेली आणि मसलबऱ्याकडे परत आली नाही.

अर्धा दिवस मिळाला तर: नॉर्थ बेरिक

शुक्रवारी दुपारी काम लवकर आटोपले, किंवा शनिवार पूर्ण मोकळा मिळाला, तर वेव्हर्ली स्थानकावरून नॉर्थ बेरिकची गाडी पकडावी. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. स्थानकातून चालत काही मिनिटांत पहिल्या टीवर पोहोचता येते. मोटार भाड्याने घ्यायची गरज नाही. कामाच्या दौऱ्यात ही सोय फार मोलाची आहे.

इथला वेस्ट लिंक्स हा कोर्स मला या संपूर्ण परिसरात सर्वांत आवडतो. क्लब १८३२ चा. कोर्स समुद्राला खेटून जातो, समोर बास रॉक हा प्रचंड खडक दिसतो आणि त्यावर गॅनेट पक्ष्यांची एवढी दाटी असते की उन्हाळ्यात तो पांढरा दिसतो. खेळाच्या बाबतीत इथे असे प्रश्न पडतात जे आधुनिक कोर्सवर कुणी विचारणार नाही. तेराव्या होलाला ग्रीनच्या पुढे चक्क दगडी कुंपण आहे, आणि चेंडू त्याच्यावरून नेल्याशिवाय गत्यंतर नाही. सोळाव्याचे ग्रीन मधोमध खोल घळीने दोन भागांत तुटलेले. ध्वज ज्या भागात असेल त्याच्या पलीकडच्या भागात चेंडू पडला तर पटरने दरी ओलांडावी लागते.

आणि पंधरावा होल, रीडॅन. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात गाजलेल्या रशियन बुरुजावरून त्याला हे नाव पडले. अंतर फार नाही, तीन फटक्यांचा होल. पण ग्रीन तिरपे बसवलेले, उजवीकडून डावीकडे आणि मागे उतरत जाणारे, समोरच्या डाव्या अंगाला खोल बंकर. ध्वजाकडे थेट मारलेला चेंडू बहुधा थांबत नाही. उजव्या खांद्यावर टाकून जमिनीलाच तो आत नेऊ द्यायचा. ही कल्पना एवढी पटली की जगभरातल्या कोर्स आखणाऱ्यांनी तिच्या प्रती केल्या, आणि अमेरिकेत तर ठिकठिकाणी 'रीडॅन' आढळतात. मूळ पाहायला अर्धा तास रेल्वेत बसावे लागते, एवढेच.

शुल्क स्वस्त नाही आणि उन्हाळ्यातल्या वेळा महिनोन् महिने आधी भरतात. तरी एकटा खेळाडू असेल तर आशा सोडू नये. चार जणांच्या गटात एक जागा रिकामी असणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. उशिराच्या वेळांना काही ठिकाणी दर कमी असतो. कार्यालयातून येणाऱ्याला नेमकी तीच वेळ सोयीची. इथे जागा नाहीच मिळाली तर गावाच्या दुसऱ्या टोकाला ग्लेन हा कड्यावरचा कोर्स आहे. तो तुलनेने स्वस्त, आणि समुद्राचे दृश्य तसूभरही कमी नाही.

या पट्ट्यातच गलन हे गाव आहे. तिथे रेल्वे नाही, बस जाते. एकाच क्लबचे तीन कोर्स शेजारी शेजारी आहेत. पहिला प्रसिद्ध आणि महाग, २०१५ आणि २०१८ ची स्कॉटिश ओपन तिथे झाली. बाकीचे दोन त्याच टेकडीवर, त्याच वाऱ्यात. पाहुण्याने दुसरा किंवा तिसरा घ्यावा, पैसे वाचतात आणि जमीन तीच असते. म्यूरफील्ड गलनच्या सीमेवरच आहे, पण तिथे पाहुण्यांना ठरावीक वारी आणि खूप आधी पत्रव्यवहार करूनच प्रवेश मिळतो. दौऱ्याच्या तारखा आठवडाभर आधी बदलणाऱ्या माणसाने त्याच्या मागे लागू नये.

सेंट अँड्र्यूज: रविवारचे काय करावे

एडिंबऱ्याहून लूकर्सपर्यंत रेल्वेने सुमारे तासभर, तिथून बसने दहा-पंधरा मिनिटे. सेंट अँड्र्यूजचे स्वतःचे स्थानक १९६९ साली बंद झाले. गाडी फोर्थ पुलावरून जाते. १८९० सालचा तो लाल पोलादी पूल पाहण्यासाठीच खिडकीची जागा धरावी.

ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. कोणत्याही एका क्लबची त्यावर मालकी नाही, सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट तो चालवतो. म्हणून साध्या माणसालाही तिथे खेळता येते, फक्त दैव आणि थोडी तयारी लागते. दोन ते चार जणांचा गट असेल तर खेळायच्या दोन दिवस आधी सोडतीत नाव घालायचे. एकटा असेल तर आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन एकट्यांच्या सोडतीत नाव नोंदवायचे. पूर्वी त्यासाठी लोक रात्रभर रांगेत बसत, २०२४ पासून ती पद्धत बदलली. अधिकृत हँडिकॅपचा दाखला लागतो. उन्हाळ्यातले शुल्क तीनशे पाउंडांहून अधिक आहे.

आता कामाच्या माणसाची अडचण पाहा. त्याचा मोकळा दिवस बहुतेक वेळा रविवार असतो, आणि मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. त्या दिवशी ते मैदान गावाचे. लोक कुटुंबासह फिरायला येतात, मुले अठराव्या होलाच्या फेअरवेवर धावतात. अनेक जण हे कळल्यावर खट्टू होतात आणि बेत रद्द करतात. मला मात्र कामाच्या दौऱ्यातला रविवार सेंट अँड्र्यूजसाठी उत्तम वाटतो. सकाळी ओल्ड कोर्स पायी पाहायचा: स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल, दोन-दोन होलांसाठी सामाईक असलेली अफाट ग्रीन, सतराव्याला हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारायची ती धडकी भरवणारी रेषा, आणि दूरचित्रवाणीवर कधीच न जाणवणारे जमिनीचे चढ-उतार. बंकरांत उभे राहून त्यांची खोली पाहता येते. शुल्क शून्य. खेळताना एवढ्या निवांतपणे हे पाहता येत नाही.

दुपारी त्याच ट्रस्टच्या दुसऱ्या कोर्सवर खेळायचे. असे सहा आहेत आणि ते रविवारी सुरू असतात. न्यू कोर्सच्या नावावर जाऊ नये, तो १८९५ चा आहे. ओल्डला लागून, तशाच वाळूवर, आणि गावातल्या कित्येक चांगल्या खेळाडूंना खेळायला तोच अधिक आवडतो. ज्युबिली अवघड. ईडन १९१४ चा, थोडा मायाळू. नुकतेच शिकलेल्यासाठी नऊ होलांचा बॅलगोव आहे. मध्यम खेळाडूला मी ईडन सुचवेन. सोडतीच्या भरवशावर दोन दिवस अडकवून घेण्याऐवजी असा एक भरगच्च रविवार कितीतरी पटींनी अधिक पदरात टाकतो.

हिवाळ्यात ओल्ड कोर्सचे शुल्क उतरते आणि जागाही सहज मिळते. मात्र तेव्हा फेअरवेवरून मारताना चेंडू छोट्या चटईवर ठेवावा लागतो, जमिनीला जखमा होऊ नयेत म्हणून. काहींना हे रुचत नाही. मला त्यात वावगे वाटत नाही.

लिंक्सवर आपला खेळ कसा बदलतो

समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची, खडबडीत, शेतीला निरुपयोगी जमीन म्हणजे लिंक्स. पाऊस पडला तरी पाणी भराभर झिरपते, म्हणून हिवाळ्यातही ही मैदाने कोरडी राहतात, जेव्हा आतल्या भागातली चिखलाने भरतात. नोव्हेंबर ते मार्चच्या दौऱ्यात म्हणूनच किनाऱ्यावरचा कोर्स निवडावा.

महाराष्ट्रातल्या मैदानांवर, विशेषतः पावसाळ्यानंतर, चेंडू उंच मारला की जिथे पडतो तिथे थांबतो. लिंक्सवर तो पडल्यावर पंचवीस-तीस यार्ड पळतो. उंच गेला तर वारा घेऊन जातो. तेव्हा मोठा क्लब घेऊन बुटका फटका मारायचा, ग्रीनच्या बाहेरून सरळ पटर वापरायचा, आणि फेअरवेवरच्या भांड्यासारख्या खोल बंकरातून पुढे जाता येत नसेल तर मुकाट्याने बाजूला किंवा मागे काढायचा. कॅडीची सवय असलेल्याला आणखी एक गोष्ट जड जाते: सार्वजनिक कोर्सवर कॅडी नसतो. उडालेली ढेप जागेवर बसवणे, बंकर सारखा करणे, चेंडू शोधणे हे सगळे आपण करायचे. मागचा गट वेगवान असेल तर त्यांना हात करून पुढे जाऊ द्यायचे.

हवामानाबद्दल एकच सांगतो. पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात 'हार' नावाचे समुद्री धुके अचानक येते. शहरात ऊन आणि नॉर्थ बेरिकला पन्नास पावलांवरचे दिसत नाही, असे होऊ शकते. निघण्यापूर्वी क्लबला फोन करावा.

बॅगेत काय न्यावे

क्लबांचा पूर्ण संच नेऊ नये. विमानाचे जादा सामान, हॉटेलात ठेवायची अडचण, ट्राममध्ये चढवायची कसरत, हे सगळे दोन डावांसाठी. मोठ्या कोर्सवर चांगले संच भाड्याने मिळतात. सार्वजनिक कोर्सवर मिळतील का हे आधी विचारावे. स्वतःचे बूट मात्र न्यावेत, कारण चार तास चालायचे असते आणि भाड्याचे बूट पाय सोलतात. हातमोजा, पाणी न शिरणारे पातळ जाकीट, कानांवर येईल अशी लोकरी टोपी. जूनमध्येही. क्लबच्या कोर्सवर जीन्स आणि बिनकॉलरचा टी-शर्ट चालत नाही, पण कार्यालयातली साधी पँट आणि कॉलरचा शर्ट चालतो, तेव्हा वेगळे कपडे लागत नाहीत.

हँडिकॅपचा दाखला फोनवर ठेवावा. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू आहे, त्यामुळे इंडियन गोल्फ युनियनच्या पद्धतीने मिळालेला आपला आकडा तिथेही चालतो. त्या कोर्सच्या अवघडपणानुसार आपल्याला किती फटके मिळतील, हे टीजवळच्या तक्त्यावर पाहता येते. तक्त्यावरचा स्लोप, म्हणजे अवघडपणाचा आकडा, ११३ असेल तर तो मध्यम मानतात. आकडा त्याच्या बराच वर असेल तर पुढच्या टीवरून खेळावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

कामाच्या ओळखीतून आमंत्रण आले तर

बैठकीत गोल्फचा विषय निघाला की समोरचा एखादा सहकारी किंवा ग्राहक आपल्या क्लबवर बोलावतो. स्कॉटलंडमध्ये हे सहज घडते आणि आमंत्रण मनापासून असते. खाजगी क्लबात शिरण्याचा तो सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण सदस्याबरोबर आलेल्या पाहुण्याचे शुल्क पुष्कळ कमी असते. परंतु बोलावणारा ग्राहक किंवा पुरवठादार असेल तर होकार देण्याआधी आपल्या वरिष्ठांना लेखी कळवावे. ब्रिटनचा लाचलुचपतविरोधी कायदा २०१० चा आहे आणि तिथल्या कंपन्या पाहुणचाराची नोंद काटेकोर ठेवतात. आपले शुल्क आपण देतो म्हणणे हा साधा उपाय आहे, आणि त्याने कुणी दुखावत नाही. उलट, दौऱ्याच्या खर्चात गोल्फ दाखवण्याचा मोह कधीही करू नये.

अनोळखी मंडळींत बहुधा स्टेबलफोर्ड पद्धतीने खेळतात. प्रत्येक होलाला गुण, आणि एखादा होल बिघडला तर चेंडू उचलून पुढे जायचे. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरने ही पद्धत काढली आणि १९३२ पासून ती क्लबांमध्ये रूढ झाली. पाहुण्याला ती सोयीची, कारण आपल्या दहा फटक्यांसाठी कुणाला ताटकळावे लागत नाही. खेळताना कामाचे बोलणे आपण काढू नये, त्यांनी काढले तर उत्तर द्यावे. खेळ संपल्यावर टोपी काढून हात मिळवायचा, क्लबहाउसमध्ये सूप किंवा चहा घ्यायचा, आणि पेयांची पहिली फेरी आपण मागवायची. दारू पीत नसाल तर तसे सरळ सांगा, कुणी आग्रह करत नाही. तुमच्या गावी कोर्स आहे का, असे कुणी विचारले तर खारघरचे सिडकोने उभारलेले सार्वजनिक मैदान सांगावे. पैसे भरून कुणीही खेळू शकेल असे मैदान मुंबईजवळ आहे, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या ब्रेड हिल्सशी त्याची जातकुळी जुळते, तेव्हा ते आणखी चौकशी करतात आणि पुढच्या भारतभेटीत तिथे खेळायचे ठरवतातही.